कुलगुरूंची बातमी आणि विद्यार्थ्यांचा हिशेब

प्रवेशाचा हंगाम आला की हडपसरपासून मांजरी, लोणी काळभोरपर्यंत सोलापूर रस्त्याच्या कडेला शिक्षणसंस्थांचे फलक उभे राहतात. बहुतेक फलकांवर संस्थाप्रमुखाचे छायाचित्र असते आणि त्याखाली त्यांना मिळालेले पुरस्कार, मानद पदव्या, परदेशी संस्थांशी झालेले करार यांची जंत्री. शैक्षणिक बातम्यांचे वळणही यापेक्षा फारसे वेगळे नाही. कुलगुरूंचा सत्कार झाला, अध्यक्षांची एखाद्या आंतरराष्ट्रीय समितीवर निवड झाली, नव्या इमारतीची कोनशिला बसली. या बातम्या खोट्या असतात असे कोणी म्हणणार नाही. पण मुलीला कुठे घालायचे या विवंचनेत असलेल्या मांजरीतल्या आईबापांना त्यातून काहीच हाती लागत नाही. यंदा इथे कोणत्या घरांतली मुले आली, किती जणांनी मधेच शिक्षण सोडले, का सोडले, जी शिकून बाहेर पडली ती कुठे आहेत, हे कुणी छापत नाही. संस्थाप्रमुखाची कामगिरी याच उत्तरांत असते आणि खरी बातमीही तीच आहे, हे माझे म्हणणे. ते मांडताना मुद्दाम चर्चशी जोडलेल्या संस्थांची उदाहरणे घेतो आहे, कारण आपल्याकडे आधुनिक शिक्षणाचा पाया घालण्यात त्यांचा मोठा वाटा आहे आणि कामाचा वार्षिक हिशेब छापून देण्याची रीतही त्यांच्याकडे जुनी आहे.

पुण्यात अशा संस्था बऱ्याच आहेत. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडी येथे स्थापन केलेली सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात, नगर रस्त्यावर आली. यवतमाळची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये बिबवेवाडीला आली. पण सर्वसामान्य पुणेकराच्या जिभेवर असलेले नाव औंध रस्त्यावरच्या स्पायसरचे. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्चची ही संस्था १९१५ मध्ये कोइमतूरला सुरू झाली, पुढे बेंगळुरूला गेली आणि १९४२ मध्ये पुण्यात स्थिरावली. भारतात मिशनरी म्हणून काम केलेले आणि नंतर या चर्चचे जागतिक प्रमुख झालेले डब्ल्यू. ए. स्पायसर यांचे नाव तिला मिळाले. २०१४ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने स्वतंत्र कायदा केला आणि स्पायसर मेमोरियल कॉलेजचे स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ झाले. त्याबरोबर तिथल्या प्रमुखपदाचे वजन वाढले, आणि अशा पदावरच्या माणसाची बातमी चर्चच्या जगभरच्या वर्तुळात कौतुकाने वाचली जाते. त्यात गैर काही नाही. आपल्या माणसाचा अभिमान कोणत्याही समाजाला वाटतो.

मात्र अनेक पुणेकरांनी स्पायसर हे नाव पहिल्यांदा ऐकले ते पावामुळे. डोके, हात आणि मन यांचे शिक्षण एकत्र व्हावे, हा ॲडव्हेंटिस्ट शिक्षणविचाराचा गाभा. म्हणून या परिसरात विद्यार्थ्यांनी बेकरीत, शेतात, बागेत काम करायचे, कामाच्या तासांची नोंद व्हायची आणि त्याचे पैसे शुल्कात वळते व्हायचे, अशी रीत रुजली. तिचा अर्थ एखाद्या मुलाच्या बाजूने पाहावा. घरून पैसे येण्याची शक्यता नाही, आणि तरी तो वर्गात बसला आहे, कारण भल्या सकाळी त्याने पिठात हात घातले आहेत. त्याच्या नावापुढे जमा झालेले तास हीच त्याची शिष्यवृत्ती, आणि ती कोणाच्या मेहेरबानीची नाही. अशा संस्थेच्या प्रमुखाला उद्या कोणता सन्मान मिळाला तर तो जरूर छापावा. पण त्याच बातमीत हेही यावे, की यंदा किती विद्यार्थ्यांनी कामाच्या मोबदल्यात शुल्काचा किती भाग फेडला आणि दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत हा भाग वाढला की घटला. तो घटत असेल, तर त्या संस्थेसाठी ही वर्षातली सर्वांत मोठी बातमी आहे, आणि ती प्रमुखाने स्वतःच सांगायला हवी.

जॉन विल्सन यांच्याइतके सन्मान फार थोड्या शिक्षकांच्या वाट्याला आले असतील. १८२९ मध्ये मुंबईत आलेला हा स्कॉटिश मिशनरी १८३५ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचा अध्यक्ष झाला, १८४५ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो, १८६८ मध्ये मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू, १८७० मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मॉडरेटर. आजच्या फलकावर ही यादी मावणार नाही. तरी विल्सन यांची खरी परीक्षा या यादीबाहेर झाली. १८३९ मध्ये त्यांच्या शाळेतल्या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण न्यायालयात गेले आणि पालकांनी बहुसंख्य मुले शाळेतून काढून घेतली. पाठोपाठ १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली; विल्सन फ्री चर्चबरोबर गेले आणि शाळेची वास्तूही हातची गेली. पाच वर्षांच्या आत विद्यार्थी आणि इमारत दोन्ही गमावलेल्या माणसाने तीच संस्था पुन्हा उभी केली. १८३२ च्या त्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज झाले आणि मोरारजी देसाई त्याच कॉलेजात शिकले. बाप्तिस्म्याच्या प्रकरणात पालकांचा संताप अनाठायी नव्हता. आपले मूल शिकायला पाठवले तर ते आपल्यापासून तुटेल, ही भीती खरी होती. विल्सन यांच्या कामाचे माप काढायचे तर काढून घेतलेली मुले आणि परत आलेली मुले अशा दोन्ही आकड्यांनी काढावे लागेल. रॉयल सोसायटीच्या फेलोशिपने ते निघत नाही.

अहमदनगरची गोष्ट मला याहून मोलाची वाटते, कारण तिथे हिशेबाची रीत आणि मराठी माणसाचे कर्तृत्व एकत्र आले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये तिथे ठाणे उघडले. या मिशनचे वार्षिक अहवाल छापले जात आणि समुद्रापार बॉस्टनच्या मुख्यालयाला पाठवले जात. त्यात शाळांची संख्या, मुलेमुली किती, खर्च किती, कोणती शाळा का बंद पडली, असा तपशील असे. याच मिशनच्या सिंथिया फरार यांच्या नगरच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या मनात मुलींच्या शिक्षणाचा विचार पक्का झाला आणि १८४८ मध्ये पुण्यात शाळा निघाली. जोतीराव स्वतः पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. याच माणसाने १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना शिक्षणाच्या अंदाजपत्रकाला जो प्रश्न विचारला त्याहून चांगली कसोटी मला माहीत नाही: रयतेच्या घामाच्या पैशातून उच्च शिक्षणावर जो खर्च होतो, त्याचा लाभ प्रत्यक्षात कोणाच्या मुलांना मिळतो? कॉलेजांच्या इमारती आणि प्राध्यापकांची विद्वत्ता जोतीरावांना दिसत नव्हती असे नाही. त्यांनी दाराशी उभे राहून आत कोण जाते ते मोजले.

डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर महाविद्यालय काढले ते याच मातीत. त्याआधी नगर जिल्ह्यात महाविद्यालय नव्हते. दुष्काळी तालुक्यातल्या मुलाला पदवी हवी असेल तर पुण्यामुंबईचा खर्च झेपायला हवा, नाहीतर मॅट्रिकवर थांबायचे. एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाने चर्चच्या पाठबळावर संस्था उभारली आणि तिचे दार साऱ्या जिल्ह्याला उघडे ठेवले. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले आणि ‘कमवा आणि शिका’ महाविद्यालयात नेले. एका संस्थेमागे चर्च होते, दुसरीमागे सत्यशोधक विचार. पण दोघांनी स्वतःला विचारलेला प्रश्न एकच होता: दारातून आत कोणाची मुले येणार? आज आपल्या हडपसरमध्ये रयत शिक्षण संस्थेचे एस. एम. जोशी कॉलेज आहे, तेव्हा ही परंपरा मांजरीकरांच्या अगदी दाराशी आहे.

आणि खुद्द मांजरीत काय आहे ते पाहावे. १९७५ मध्ये डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून सुरू झालेली आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथे आहे. उसाच्या शेतकऱ्यांनी आणि सहकारी कारखान्यांनी ती उभी केली, त्यामुळे दर हेक्टरी किती ऊस निघाला, उतारा किती पडला, या भाषेतच तिला बोलावे लागते, आणि तिचे वार्षिक पुरस्कारही शेतकऱ्यांच्या शेतात आणि कारखान्यांच्या गाळपात जे दिसते त्यावर दिले जातात. शेजारीच राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला ‘मांजरी नवीन’ हे द्राक्षाचे वाण ठाऊक आहे. ते निघाले तेव्हा केंद्राचे संचालक कोण होते, हे त्याने विचारलेले नाही. ज्यांच्यासाठी संस्था चालते ते लोक जवळून पाहत असले, की प्रमुखाच्या सत्काराला आपोआप दुय्यम जागा मिळते. विद्यापीठांच्या बाबतीत असे पाहणारे कोणी उरले नाही, ही खरी अडचण आहे.

यावर काही आक्षेप येतील. पहिला व्यवहाराचा: प्रसिद्धीशिवाय प्रवेश होत नाहीत, देणग्या येत नाहीत, आणि प्रमुखाच्या प्रतिष्ठेवरच संस्थेची पत ठरते. हे खरे आहे. हिवाळे किंवा भाऊराव नसते तर त्यांची महाविद्यालये निघालीच नसती. माणसाचे मोल नाकारण्याचा प्रश्नच नाही. पण त्यांची प्रतिष्ठा त्यांच्या कामातून आली, आणि काम मोजून दाखवता येत होते. दुसरा आक्षेप असा, की मिशनचे ते जुने अहवालही देणगीदारांना खूश करण्यासाठीच लिहिले जात, त्यात धर्मांतराचे आकडे मिरवले जात. हेही मान्य करायला हवे. तरीही दूरच्या देणगीदाराला शाळागणिक आकडे द्यावे लागत असल्यामुळे बंद पडलेली शाळा लपवता येत नसे. आजच्या गुळगुळीत वार्षिक पुस्तिकेत बंद पडलेल्या अभ्यासक्रमाचा उल्लेख शोधून सापडत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो नुसता तर्काने उडवून लावू नये. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. अशा संस्थांकडे हिशेब मागणे म्हणजे त्यांच्या पाठी सरकार आणि जमाव लावणे, ही भीती आजच्या वातावरणात निराधार नाही. चर्चच्या शाळांवर संशय घेणारे लोक आहेत, आणि त्यांच्या हाती नवे निमित्त देऊ नये असे मलाही वाटते. परंतु १९५८ मध्ये केरळ शिक्षण विधेयकावर मत देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कारभार चालवण्याच्या हक्कात कारभार बिघडवण्याचा हक्क येत नाही. २००२ मध्ये अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने टी. एम. ए. पै प्रकरणात शैक्षणिक दर्जा राखण्यासाठीच्या नियमनाला जागा ठेवली. शिवाय मी सरकारी तपासणी मागत नाही. संस्थेने आपण होऊन आपल्या समाजाला, म्हणजे ज्या मंडळ्यांच्या दानपेटीतून ती उभी राहिली त्यांना आणि ज्यांची मुले तिथे शिकतात त्यांना, आकडे द्यावेत एवढेच मागतो. संशयाला याहून चांगले उत्तर नाही. या संस्थेत दलित, आदिवासी, ख्रिस्तीतर मुले किती आहेत, कोणत्या तालुक्यांतून येतात, त्यातली किती पदवी घेऊन बाहेर पडली, हे दरवर्षी उघड छापले गेले तर अफवा टिकायला जागाच राहत नाही.

उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणी आहे, मग आणखी हिशेब कशाला, असेही विचारले जाईल. श्रेणी उपयोगी आहे, पण पुरेशी नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या तपासणी समितीतल्या सदस्यांना लाचेच्या प्रकरणात सीबीआयने अटक केली. बाहेरून चिकटवलेल्या अक्षरावर डोळे झाकून भिस्त ठेवता येत नाही, हे त्यातून दिसले. त्या अक्षरामागचे आकडे संस्थेने स्वतः, साध्या मराठीत, पालकांपुढे ठेवले तर तपासणाऱ्यावरही वचक राहतो.

माझी विनंती आधी वर्तमानपत्रांना आणि मग पालकांना आहे. कोणत्याही विद्यापीठाने, मग ते चर्चचे असो, ट्रस्टचे असो की साखरसम्राटाचे, प्रमुखाच्या सन्मानाची बातमी पाठवली तर ती छापण्याआधी संपादकाने तीन आकडे मागावेत: यंदा अंतिम वर्षाला असलेल्या तुकडीत पहिल्या वर्षाला किती जण आले होते, त्यातले किती अंतिम वर्षापर्यंत पोहोचले, आणि ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात गेले अशी मुले त्यात किती. आकडे मिळाले तर बातमी पहिल्या पानावर जावी. आणि येत्या जूनमध्ये मांजरीतल्या आईबापांनी प्रवेश अर्ज भरण्याआधी हेच तीन प्रश्न खिडकीवर विचारावेत, उत्तर लेखी घ्यावे, आणि मिळाले नाही तर अर्ज दुसरीकडे भरावा.