गतिरोधकाचा धक्का स्प्रिंग किती पेलणार?

वाळूजमध्ये बजाजच्या मोटारसायकली तयार होतात, तिथेच एन्ड्युरन्सचा दुचाकींचे शॉकअप बनवणारा कारखाना आहे. स्प्रिंगचे विज्ञान छत्रपती संभाजीनगरला नवीन नाही. तरीही शहरातल्या गल्लीबोळांतले गतिरोधक पाहिले तर हे विज्ञान कारखान्याच्या फाटकाबाहेर आलेलेच नाही, असे वाटते.

स्प्रिंगचा नियम साधा आहे. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने तो १६७८ मध्ये मांडला: स्प्रिंग जितकी दाबावी वा ताणावी, तितक्या प्रमाणात ती उलट जोर लावते आणि तिला जोडलेली वस्तू मूळ जागी आणू पाहते. समजा, दुचाकीची स्प्रिंग एक सेंटीमीटर दबायला २० किलो वजन लागते. मग ६० किलोचा माणूस बसला की ती ३ सेंटीमीटर दबेल, तेवढ्याच वजनाचा दुसरा मागे बसला की ६. पुढे पायाशी गॅसची टाकी ठेवली, की धक्का झेलायला उरलेली जागा आणखी घटते. ती संपली की स्प्रिंग तळाला आपटते आणि धक्का थेट पाठीच्या कण्यात जातो.

नुसती स्प्रिंग असूनही भागत नाही. वस्तू मूळ जागी परतते तेव्हा स्प्रिंगचा जोर शून्य होतो, पण वेग तिथेच सर्वाधिक असतो. त्यामुळे ती थांबत नाही, पलीकडे जाते आणि पुन्हा ओढली जाते. हा झोका शमवायचे काम शॉकअपमधले ऑइल करते. ऑइल गळालेली गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा उसळत राहते. सीट जोरात दाबून सोडली की हे घरीच कळते.

पण या ऑइलचा एक गुण गतिरोधकावर उलटतो. दांडा जितक्या वेगाने आत ढकलावा, तितके ते जास्त अडवते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार (आयआरसी ९९) ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच हवा. त्या वेगात चाकाला माथ्यावर चढायला साधारण पाव सेकंद मिळतो. तेवढ्याच उंचीचा, पण जेमतेम ३० सेंटीमीटर रुंदीचा डांबरी उंचवटा घातला, तर मिळतो सेकंदाचा सुमारे पंचेचाळिसावा भाग. एवढ्या झटक्यात शॉकअप जवळजवळ काठीसारखा ताठ होतो. उंची तीच असली तरी धक्का कितीतरी मोठा बसतो.

रस्त्यावरच्या आडव्या पट्ट्यांची गंमत वेगळीच. (गंमत चालवणाऱ्याला वाटत नाही, हा भाग निराळा.) बसलेल्या माणसाचे धडही स्प्रिंगसारखेच हलते आणि सेकंदाला ४ ते ६ हेलकाव्यांना सर्वाधिक साथ देते. ताशी ३० किलोमीटर वेगात दोन-दोन मीटरवरच्या पट्ट्या नेमके चारएक धक्के देतात.

मागे बसणाऱ्याला हे अधिक भोगावे लागते, कारण तो बहुधा मागच्या चाकाच्या अगदी वर असतो. आपल्याकडे ती जागा बहुतेकदा आईची, आजीची असते. हाडे ठिसूळ झालेल्या वयात अशा एका दणक्यानेही मणका चेपू शकतो. कंबरदुखीसाठी मलम, पट्टा, गोळ्या हे सगळे आणले जाते, पण उंचवट्याकडे बोट कुणी दाखवत नाही.

गतिरोधक नकोत, असे कुणी म्हणू नये. शाळेसमोर ते हवेतच. पण रहिवाशांनी मागणी केली, ठेकेदाराने उरलेले डांबर ओतले, ही पद्धत बंद व्हायला हवी. काम पूर्ण झाल्याचे बिल मंजूर करण्याआधी रुंदी आणि उंची टेपने मोजायला दहा मिनिटेही लागत नाहीत. तोवर दुचाकीस्वाराच्या हातात एवढेच: शॉकअपचे ऑइल वेळेवर तपासणे, दोघे बसणार असतील तर मागची स्प्रिंग एक-दोन खाचा घट्ट करणे आणि उंचवटा दिसताच मागे बसलेल्या आजीला आधी सांगणे.