विश्लेषण : सुरक्षेत पाच तारे, तरी विक्रीत मागे… ‘अल्ट्रोझ’चे गणित कुठे चुकले?

पुण्यात तयार होणाऱ्या टाटा अल्ट्रोझला जानेवारी २०२० मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’च्या अपघात चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. भारतात विकल्या जाणाऱ्या हॅचबॅक मोटारींमध्ये असे मानांकन मिळवणारी ती पहिली. तरीही विक्रीत ती मारुती बलेनोच्या जवळपास पोहोचली नाही. २०२४ मध्ये बलेनोची विक्री पावणेदोन लाखांच्या आसपास होती, तर अल्ट्रोझची महिन्याची सरासरी पाच हजारांच्या आतच अडकली. त्याच वर्षी टाटाचीच पंच दोन लाखांहून अधिक विक्रीसह देशातील सर्वाधिक खपाची मोटार ठरली. म्हणजे ग्राहकाचा राग ना कंपनीवर होता, ना सुरक्षेवर. मग अल्ट्रोझ मागे का पडली?

मोटारीत दम आहे का?

आहे. टाटाच्या ‘अल्फा’ प्लॅटफॉर्मवर तयार झालेली ही पहिली मोटार. चाचणीत तिचा सांगाडा स्थिर राहिला आणि प्रौढांच्या सुरक्षेसाठी १७ पैकी १६.१३ गुण मिळाले. लहान मुलांच्या सुरक्षेत मात्र तीनच तारे होते. दरवाजे ९० अंशांत उघडतात, त्यामुळे वयस्कर माणसांना चढणे-उतरणे सोपे जाते. डिक्की ३४५ लिटरची. दार लावताना येणारा भरीव आवाज आणि महामार्गावरची स्थिरता यांचे कौतुक आजही होते. तुलनेसाठी, ह्युंदाई आय२० ला २०२२ मध्ये याच संस्थेच्या चाचणीत तीन तारे मिळाले होते.

सुरुवातीला काय राहून गेले?

अल्ट्रोझ २२ जानेवारी २०२० रोजी ५.२९ लाख रुपयांच्या प्रारंभिक किमतीत (एक्स-शोरूम) बाजारात आली. दोनच महिन्यांत टाळेबंदी लागली आणि शोरूम बंद झाली. पण केवळ करोनाला दोष देऊन चालणार नाही. पहिली दोन वर्षे या मोटारीत ऑटोमॅटिक गिअरचा पर्यायच नव्हता. तो मार्च २०२२ मध्ये आला. पुणे-मुंबईच्या कोंडीत रोज क्लच दाबून कंटाळलेला आणि प्रीमियम हॅचबॅकसाठी जास्त पैसे मोजायला तयार असलेला ग्राहक तोवर बलेनो किंवा आय२० कडे वळला होता.

दुसरी अडचण इंजिनाची. अल्ट्रोझचे १.२ लिटर पेट्रोल इंजिन तीन सिलिंडरचे, तर बलेनो आणि आय२० चे त्याच क्षमतेचे इंजिन चार सिलिंडरचे. टेस्ट ड्राइव्हच्या दहा मिनिटांत अपघातातली सुरक्षा कळत नाही, पण सिग्नलवर जाणवणारी थरथर लगेच कळते. त्यात बलेनो वजनाने हलकी आणि मायलेजमध्ये पुढे. रोजच्या वापरात जे हाताला आणि खिशाला जाणवते, तिथेच अल्ट्रोझ कमी पडली.

जुन्या प्रतिमेचा फटका बसला का?

काही प्रमाणात. १९९८ मध्ये आलेली इंडिका ही टाटाची पहिली हॅचबॅक. ती खूप चालली, पण पुढे तिची ओळख टॅक्सी म्हणून झाली. २०१५ मधील बोल्ट चालवायला चांगली होती, तरी ती दिसायला इंडिकाच्या वळणाची असल्याने ग्राहकाने पाठ फिरवली. २०१७ च्या नेक्सॉनने ही प्रतिमा बरीच पुसली. मात्र नेक्सॉन उंच बांध्याची एसयूव्ही होती. ‘टाटाची एसयूव्ही’ हे समीकरण घट्ट झाले, ‘टाटाची हॅचबॅक’ तशी रुजली नाही.

‘पंच’ने काय केले?

अल्ट्रोझचा खरा प्रतिस्पर्धी तिच्याच शोरूममध्ये उभा राहिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये पंच आली. प्लॅटफॉर्म तोच, १.२ लिटर पेट्रोल इंजिन तेच आणि पाच तारेही तेच. अल्ट्रोझची लांबी ३९९० मिलिमीटर, पंचची ३८२७. म्हणजे पंच लहान आहे. पण जमिनीपासूनची उंची अल्ट्रोझमध्ये १६५ मिलिमीटर, तर पंचमध्ये १८७. खड्डे, उंच गतिरोधक आणि पावसाळ्यात तुंबणारे रस्ते पाहता हा फरक ग्राहकाला मोलाचा वाटतो. बसायची जागा उंच, मोटार दिसायला दणकट आणि ऑटोमॅटिक गिअर पहिल्या दिवसापासून. सुरक्षेसाठी टाटाकडे आलेल्या ग्राहकाला त्याच पैशांत ‘एसयूव्ही’ मिळत असेल, तर तो हॅचबॅक का घेईल?

करही वेगळा नाही. चार मीटरच्या आतील लांबी आणि ठरावीक क्षमतेचे इंजिन असेल, तर हॅचबॅक आणि छोटी एसयूव्ही यांना एकच दर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो दोघींसाठी १८ टक्के झाला.

जाहिरात कमी पडली का?

खर्च कमी पडला असे म्हणता येणार नाही. २०२० च्या आयपीएलमध्ये अल्ट्रोझ अधिकृत भागीदार होती. कमी पडला तो संदेश. सुरुवातीला ‘पाच तारे’ ही तिची वेगळी ओळख होती. पुढे नेक्सॉन, पंच, हॅरियर, सफारी सगळ्यांच्याच जाहिरातीत तारे आले. मग अल्ट्रोझचे स्वतःचे असे काय उरले? कधी टर्बो, कधी दोन सिलिंडरची सीएनजी, कधी ‘रेसर’ असे तिचे चेहरे बदलत राहिले. विद्युत आवृत्ती २०१९ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात दाखवली गेली, पण टियागो आणि पंच यांच्या विद्युत मोटारी रस्त्यावर आल्या, अल्ट्रोझची आली नाही.

बाजार कुठे चालला आहे?

वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९-२० मध्ये प्रवासी वाहनांच्या विक्रीत एसयूव्ही व तत्सम वाहनांचा वाटा सुमारे एक तृतीयांश होता. २०२४-२५ मध्ये तो ६५ टक्क्यांवर गेला. अल्ट्रोझ आली तीच वाट उलटी वळत असताना. तरीही बलेनोचा खप सांगतो की हॅचबॅकचा ग्राहक संपलेला नाही. त्याला मायलेज, सुरळीत इंजिन आणि सहज विकली जाणारी मोटार हवी आहे.

ग्राहकाने यातून काय घ्यावे?

मे २०२५ मध्ये नवी अल्ट्रोझ ६.८९ लाख रुपयांपासून आली. सहा एअरबॅग सर्व प्रकारांत मिळतात आणि डिझेल हवे असणाऱ्यांसाठी हॅचबॅकमध्ये हाच पर्याय उरला आहे. दुसरीकडे बलेनोनेही ‘भारत एनकॅप’मध्ये चार तारे मिळवले, म्हणजे अंतर कमी होत आहे. मात्र ‘भारत एनकॅप’ची चाचणी ऐच्छिक आहे. सुरक्षित मोटार बांधूनही ती विकली जात नाही, असा निष्कर्ष कंपन्यांनी काढला, तर नुकसान ग्राहकाचेच होईल. अल्ट्रोझच्या अनुभवाचा अर्थ तसा नाही. सुरक्षा विकली गेली, पण ती पंचच्या रूपात. म्हणून मोटार निवडताना आधी आपली गरज पाहावी. रोज खड्ड्यांतून जायचे असेल तर उंची उपयोगी आहे. पण फक्त ‘एसयूव्हीसारखी दिसते’ म्हणून ऐसपैस मागची सीट किंवा महामार्गावरची स्थिरता सोडत असाल, तर दोन्ही मोटारी एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवून पाहिलेल्या बऱ्या.