तळघरातील कागद आणि मागण्याचा अधिकार

साहित्यसमीक्षेत 'दस्तऐवज' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. एखादी कादंबरी 'अन्यायाचा दस्तऐवज' ठरते, एखादा कवितासंग्रह 'काळाचा दस्तऐवज' म्हणून गौरवला जातो. दस्तऐवज ही मुळात एक वस्तू असते, ती कोणाच्या तरी ताब्यात असते आणि ती मिळवण्यासाठी कोणाकडे तरी अर्ज करावा लागतो, याचा विसर या गौरवात पडतो. या विसरण्याची किंमत मोठी आहे, असे आमचे मत आहे. ते मांडण्यासाठी आम्ही अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या दोन ग्रामीण काउंट्यांचे उदाहरण घेत आहोत. उदाहरण दूरचे आहे, पण परके नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली तेव्हा तिच्या नावातच कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी सांगितलेले नाते होते.

ऑगस्ट १९५५ मध्ये शिकागोहून आजोळच्या नातलगांकडे आलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचे मनी या खेड्यातून रात्री अपहरण झाले. तीन दिवसांनी टॅलाहॅची नदीत त्याचे प्रेत सापडले. मनी हे लफ्लोर काउंटीत येते, तर प्रेत सापडले ते शेजारच्या टॅलाहॅची काउंटीच्या हद्दीत. त्यामुळे खुनाचा खटला टॅलाहॅचीतील समनर गावी चालला. रॉय ब्रायंट आणि जे. डब्ल्यू. मायलम या दोघा गोऱ्या आरोपींना बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने २३ सप्टेंबर १९५५ रोजी तासाभराहून थोड्याच अधिक वेळात निर्दोष ठरवले. पुढे जानेवारी १९५६ मध्ये 'लुक' या नियतकालिकात दोघांनी दिलेली खुनाची कबुली छापून आली. एकदा निर्दोष ठरलेल्यांवर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरता येत नसल्याने त्या कबुलीचा कायद्याला काही उपयोग नव्हता.

हा इतिहास बहुतेकांच्या परिचयाचा आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. या खटल्याचे कागद पाहू इच्छिणाऱ्याने जावे कोठे?

मिसिसिपीत गंभीर गुन्ह्यांचे खटले सर्किट कोर्टात चालतात आणि त्यांचे अभिलेख सर्किट क्लर्क या निवडून आलेल्या अधिकाऱ्याकडे असतात. किरकोळ गुन्ह्यांचे कागद जस्टिस कोर्टात असतात. अटकेची आणि तुरुंगाची नोंद शेरीफच्या कार्यालयात असते, ती क्लर्ककडे मागून मिळत नाही. ग्रँड ज्युरीचे, म्हणजे आरोप ठेवण्याजोगा पुरावा आहे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचे, कामकाज गुप्त असते. जुने बरेचसे कागद वा त्यांच्या सूक्ष्मफिती जॅक्सन येथील राज्य पुराभिलेखागारात गेलेल्या असतात. शिवाय राज्यातील ८२ काउंट्यांपैकी दहांना दोन-दोन मुख्य ठाणी आहेत आणि टॅलाहॅची त्यांतलीच एक आहे. तिचे एक न्यायालय चार्ल्सटनला आहे, तर दुसरे समनरला. म्हणजे काउंटीचे नाव ठाऊक असूनही माणूस चुकीच्या गावी पोचू शकतो. शोध घ्यायचा तो आरोपीच्या नावाच्या अनुक्रमणिकेवरून. त्यासाठी आरोपीचे नाव तेव्हा कसे लिहिले गेले, खटला कोणत्या वर्षी चालला आणि आरोप कोणता होता, या तीन गोष्टी हाती असाव्या लागतात. यातली एक चुकली तरी क्लर्क 'असा कागद आमच्याकडे नाही' असे उत्तर देतो आणि ते उत्तर प्रामाणिकही असते.

टिल खटल्यात या तिन्ही गोष्टी कशा चकवतात ते पाहण्यासारखे आहे. खून एका काउंटीतला, अपहरण दुसऱ्या काउंटीतले. जगाच्या स्मरणात खटला राहिला तो समनरचा. परंतु अपहरणाबाबतचे अटकेचे वॉरंट निघाले होते लफ्लोर काउंटीत, २९ ऑगस्ट १९५५ रोजी. त्यात दोघा पुरुषांबरोबर रॉय ब्रायंटची पत्नी कॅरोलिन हिचेही नाव होते. पुरुषांना अटक झाली. तिला मात्र झाली नाही. तिला दोन लहान मुले असल्याने तिला त्रास देण्याची आपली इच्छा नाही, असे शेरीफने तेव्हा वार्ताहरांना सांगितले होते. जून २०२२ मध्ये, म्हणजे सुमारे ६७ वर्षांनी, टिलच्या नातलगांचा समावेश असलेल्या एका शोधपथकाला हे वॉरंट ग्रीनवुड येथील लफ्लोर काउंटीच्या न्यायालयाच्या तळघरात, एका खोक्यातल्या फाइलमध्ये सापडले. खोक्यांची मांडणी दशकवार होती. याहून नेमका ठावठिकाणा कोठेच नोंदलेला नव्हता. आणि वॉरंटवर त्या स्त्रीचे स्वतःचे नाव नव्हतेच. तेथे लिहिले होते, 'मिसेस रॉय ब्रायंट'. तिच्या नावाने अनुक्रमणिका चाळणाऱ्यास हा कागद कधीच लागला नसता.

समनरच्या खटल्याच्या साक्षीपुराव्याची लिखित प्रत तर कित्येक दशके हरवलेलीच होती. १९६०च्या दशकाच्या आरंभी एका संशोधक विद्यार्थ्याने ती वाचून प्रबंध लिहिला. पुढे ती कोणाच्याही हाती राहिली नाही. २००४ मध्ये एफबीआयने चौकशी पुन्हा हाती घेतली तेव्हा कोठे एक पुसट प्रत मिळाली आणि ती नव्याने टंकलिखित करावी लागली.

या दुर्मीळतेमागे एक रचनात्मक कारण आहे आणि ते लक्षात घेणे अगत्याचे वाटते. न्यायालयात लघुलिपिक साक्षी टिपून घेतो. मात्र त्या टिपणांचे संपूर्ण लिखित रूप साधारणतः अपील झाले तरच तयार होते. आरोपी दोषी ठरला तर तो अपील करतो, आणि साक्ष कागदावर येते. आरोपी निर्दोष सुटला तर सरकारला अपील नाही, त्यामुळे साक्ष लिहून काढण्याचे प्रयोजनही उरत नाही. परिणामी, त्या काळी दक्षिणेकडील राज्यांत जेथे गोऱ्या ज्युरीने गोऱ्या आरोपीला सोडून दिले, नेमका तेथेच अभिलेख सर्वांत क्षीण असण्याचा संभव. जेथे कृष्णवर्णीय आरोपीला शिक्षा झाली, तेथे निदान अपिलाच्या निमित्ताने काही पाने उरतात. न्यायाचा कल ज्या बाजूला, विस्मृतीचाही कल त्याच बाजूला. यासाठी कोणी कागद जाळावा लागत नाही. नियमित कार्यपद्धतीच ते काम करते.

आणखी एक तपशील. मिसिसिपीत सर्किट क्लर्क हाच काउंटीचा मतदार-नोंदणी अधिकारीही असतो. ज्युरीवर बसण्यासाठी मतदार असणे आवश्यक होते. १९५५ मध्ये टॅलाहॅची काउंटीत निम्म्याहून अधिक लोकसंख्या कृष्णवर्णीय असूनही मतदार म्हणून नोंदलेला कृष्णवर्णीय एकही नव्हता. स्त्रियांना तर मिसिसिपीत १९६८ पर्यंत ज्युरीवर बसताच येत नव्हते. ज्या कार्यालयात खटल्याची फाइल ठेवली जाते, त्याच कार्यालयातील दुसऱ्या एका नोंदवहीने त्या खटल्याचा निकाल अगोदरच जवळजवळ ठरवून ठेवला होता. म्हणून अभिलेख मागणाऱ्याने फाइलपाशी थांबू नये. मतदारांची नोंदवहीही मागावी. एखाद्या खटल्याची नोंद त्याच्या फाइलीत संपत नसते.

आता साहित्याकडे वळू. ग्वेंडोलिन ब्रूक्स यांनी १९६० मध्ये या घटनेवर कविता प्रसिद्ध केल्या. जेम्स बॉल्डविन यांचे 'ब्लूज फॉर मिस्टर चार्ली' हे तिच्यावरून सुचलेले नाटक १९६४ मध्ये रंगभूमीवर आले. टोनी मॉरिसन यांचे 'ड्रीमिंग एमेट' १९८६ मध्ये सादर झाले, पण ते ग्रंथरूपाने कधी आले नाही. हे सारे लेखन साक्षीची प्रत पुन्हा हाती येण्याच्या पूर्वीचे आहे. कागद नसताना स्मृती साहित्याने जिवंत ठेवली, हे निर्विवाद. परंतु यावरून 'अभिलेखाचे काम साहित्याने केले' असा जो निष्कर्ष समीक्षक मोठ्या अभिमानाने काढतात, तो आम्हांस मान्य नाही. कवितेची प्रमाणित प्रत घेऊन कोणी ग्रँड ज्युरीपुढे जाऊ शकत नाही. वॉरंट सापडताच मात्र प्रकरण पुन्हा कायद्याच्या दारात गेले. लफ्लोर काउंटीच्या ग्रँड ज्युरीने ऑगस्ट २०२२ मध्ये त्या स्त्रीवर आरोप ठेवण्यास नकार दिला आणि एप्रिल २०२३ मध्ये ती वारली, हे खरे. तरीही त्या कागदामुळे एक गोष्ट पक्की झाली. तिला अटक करायची होती आणि ती केली गेली नाही, ही यापुढे कोणाची समजूत राहिलेली नाही, ती नोंद झाली आहे.

अमेरिकी व्यवस्थेचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. दशकांची लेबले लावलेली खोकी हे काही आदर्श जतन नव्हे. तथापि एक तत्त्व तेथे रुजलेले आहे. न्यायालयीन अभिलेख पाहण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा सर्वसाधारण हक्क लोकांना आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निक्सन यांच्या ध्वनिफितींसंबंधीच्या खटल्यात मान्य केले. त्या खटल्यात फिती मागणाऱ्यांना त्या मिळाल्या नाहीत. म्हणजे हक्क निरपवाद नाही, पण त्याचा प्रारंभ 'होय' पासून होतो.

आपल्याकडे प्रारंभ 'कशासाठी?' पासून होतो. फौजदारी निकालाची नक्कल आरोपीला मिळते. ज्याचा त्या निकालाशी थेट संबंध नाही अशा तिऱ्हाइताला ती उच्च न्यायालयाच्या नियमांनुसार, शुल्क भरून आणि अटींसह मिळू शकते. माहितीचा अधिकार कायदा, २००५ अर्जदाराला कारण विचारू देत नाही. परंतु ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या नियमांसंबंधी निर्णय देताना असे ठरवले की, न्यायालयीन कागदांच्या प्रमाणित प्रती त्या नियमांनुसारच मागाव्यात, माहिती अधिकाराखाली नव्हे. आणि तिऱ्हाइताने कारण नमूद करणारे प्रतिज्ञापत्र द्यावे, ही अट योग्यच आहे. ई-न्यायालय प्रकल्पामुळे तालुका न्यायालयातील खटल्याची तारीख वा निकाल आज घरबसल्या पाहता येतो. पण साक्षीदारांच्या जबान्या, निशाण्या, रोजनाम्याची जुनी पाने अशा रीतीने सहसा दिसत नाहीत. शिवाय १९१७ चा अभिलेख नष्ट करण्याविषयीचा कायदा आजही मुदत संपलेल्या कागदांची वासलात लावण्याची वाट मोकळी ठेवतो.

याविरुद्धचा आक्षेप हलका नाही. अमेरिकेत खुल्या अभिलेखांचा धंदा झाला आहे. कोवळ्या वयातला क्षुल्लक गुन्हा नोकरीच्या प्रत्येक अर्जाआड उभा राहतो आणि सुटलेल्या माणसाचीही आरोपापासून सुटका होत नाही. आपल्याकडे, जेथे आडनावावरून जात ओळखली जाते, तेथे हा धोका अधिकच. अत्याचारपीडित स्त्रीचे नाव उघड न करण्याचा कायदा कसोशीने पाळला गेलाच पाहिजे. मात्र जिवंत माणसाची अब्रू जपणे वेगळे आणि साठ वर्षांपूर्वीच्या खटल्याची जबानी वाळवीच्या हवाली करणे वेगळे. पहिल्याचे नाव पुढे करून दुसरे खपवून घेतले जाते.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. पन्नास वर्षे उलटलेला फौजदारी अभिलेख, पीडितांची नावे झाकून, कारण न विचारता कोणासही पाहता यावा. कोणताही जुना अभिलेख नष्ट करण्यापूर्वी त्याची यादी जिल्हा न्यायालयाने प्रसिद्ध करावी आणि आक्षेपासाठी मुदत द्यावी. आणि निर्दोष मुक्ततेने संपलेल्या खटल्यांतील जबान्या, विशेषतः अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या, शिक्षेच्या खटल्यांइतक्याच काळजीने जपाव्यात.

चौथी मागणी आम्हां लिहिणाऱ्यांकडेच आहे. दलित अत्याचारांवर, आदिवासींवरील खटल्यांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले काही श्रेष्ठ आहे. त्यावर लिहिणाऱ्या समीक्षकाने निदान एकदा नक्कल विभागात जाऊन, खटल्याचा क्रमांक, वर्ष आणि आरोपीचे नाव भरून अर्ज करावा. प्रत मिळाली तर वाचावी. नाकारली गेली तर नकार लेखी घ्यावा आणि जपून ठेवावा. तोही एक दस्तऐवजच आहे.