कासच्या तिकिटाचा परतावा कोणाच्या खिशातून?

ऑगस्टअखेरीस कास पठारावरील फुलांचा हंगाम सुरू झाला, की मुंबई-पुण्याबरोबरच पनवेल परिसरातूनही साताऱ्याकडे गाड्या धावू लागतात. नवी मुंबईत सातारकरांची वस्ती मोठी असल्याने या सहलीला गावाकडच्या फेरीचीही जोड मिळते. खांदा कॉलनीतून पठार सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. पहाटे निघून रात्री परतण्याचा बेत होतो, तोही बहुधा शनिवार-रविवारचा. मात्र आगाऊ आरक्षण केल्यावर पाऊस कोसळला, घरात कोणी आजारी पडले किंवा फुलेच लांबली, तर तारीख बदलून मिळावी काय आणि पैसे परत मिळावेत काय, हा वाद दर हंगामात निघतो.

पश्चिम घाटातील ३९ स्थळांपैकी एक म्हणून कासला २०१२ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आणि गर्दी अनावर झाली. जांभ्या खडकावरील मातीचा थर अत्यंत पातळ. तो तुडवला गेला की पुढील वर्षीचे बीच संपते. म्हणून दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी आली. तिकिटावर तारीख छापली गेली, पण फुलांनी ती कधीच मान्य केली नाही! गेंद, तेरडा, सीतेची आसवे यांचे गालिचे पाऊस आणि उघडीप यांच्या मेळावर अवलंबून असतात. सततच्या पावसाने बहर आठवडाभर पुढे जातो.

हंगामी प्रवेशांच्या आरक्षणात ‘रक्कम परत मिळणार नाही’ ही ओळ सर्रास आढळते. कायद्याने ती नेहमीच चालते असे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेचा परतावा नाकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. व्यवस्थापनानेच पठार बंद ठेवले, तर पूर्ण रक्कम परत करणे क्रमप्राप्त आहे. पण बहर न येणे हा सेवेतील दोष नव्हे. निसर्गाची हमी कोणीच दिलेली नसते.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. प्रवेश शुल्काच्या या व्यवस्थेत कास आणि आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या आहेत. पहारा, स्वच्छता, प्लास्टिक उचलणे यांचा खर्च पर्यटक आले नाहीत तरी टळत नाही. सरसकट परतावा दिला, तर पावसाची जोखीम शहरातील कुटुंबाकडून डोंगरावरील गावाकडे सरकेल.

शिवाय पर्यटकाचा खरा खर्च शुल्काचा नसतो. शंभर-दीडशे रुपयांच्या घरातल्या तिकिटापेक्षा भाड्याची गाडी, टोल आणि मुक्काम कितीतरी महाग पडतात. त्याला पैशांपेक्षा दुसरी तारीख हवी असते. ती मिळण्याची सोय नसली, की ‘पैसे भरलेच आहेत’ म्हणून तो धुक्यातून यवतेश्वरचा घाट चढतो आणि चिखल झालेल्या पठारावर उतरतो. किंवा येतच नाही. त्याची जागा मात्र अडून राहते आणि तीन हजारांत न बसलेला दुसरा कोणी परत फिरतो.

रेल्वेने नोव्हेंबर २०१५ पासून लागू केलेल्या नियमांत यावर एक तोडगा सापडतो. त्या नियमांनुसार निश्चित तिकीट गाडी सुटण्याच्या ४८ तास आधी रद्द केले तर ठरावीक कपात होत असे, त्यानंतर १२ तासांपर्यंत पाव रक्कम, पुढे चार तासांपर्यंत निम्मी कापली जात असे. कासला याहून सोपा नियम पुरे: दोन दिवस आधी कळवल्यास त्याच हंगामातील शिल्लक तारखेला एकदा बदल, त्यानंतर काही नाही. मोकळी झालेली जागा तत्काळ विक्रीस यावी. नाव बदलण्याची मुभा मात्र नको, नाहीतर शनिवार-रविवारची तिकिटे दलालांच्या हाती जातील.

टोपली कारवी सात वर्षांनी एकदा बहरते. त्या हंगामात या नियमाची कसोटी लागेल. तो त्याआधीच ठरलेला बरा.