जुन्या मोटारीस निराळी चाके

जुनी मारुती ८०० विकण्यास ज्यांचे मन धजत नाही, अशी कुटुंबे आमच्या भोपाळातही आहेत. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या या गाडीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. परंतु श्यामला हिल्सचा चढ ती अजूनही निमूटपणे चढते. अशा गाडीस बारा इंचांऐवजी तेरा इंची चकचकीत चाके बसवावीत, अशी हौस घरातील तरुणांना वाटते. हौसेस आमचा विरोध नाही. मात्र चाक बोल्टांवर चढले म्हणजे ते गाडीस मानवले, असे समजू नये.

प्रथम बोल्टांचे वर्तुळ पाहावे. चार बोल्टांच्या चाकांत हे वर्तुळ १०० मिलिमीटरचे असते, तसेच ११४.३ चेही असते. भोके ओढूनताणून जुळविणे म्हणजे अपघातास आमंत्रण. चाकाचे मधले भोक हबवर नेमके बसावे आणि नटांचा उतार रिमच्या खोबणीशी जुळावा. चाक मूळ जागेपेक्षा फार बाहेर आले, तर बेअरिंगवर जादा भार पडतो; फार आत गेले, तर ते सस्पेन्शनला घासते.

त्यानंतर टायरची उंची. अनेक मारुतींच्या टायरवर १४५/७० आर १२ असे लिहिलेले असते. त्याचा व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर भरतो. तेरा इंची रिमवर १४५/७० चाच टायर घेतल्यास व्यास ५३३ होतो, म्हणजे पाच टक्के अधिक. मग काटा ६० दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात ६३ च्या वेगाने धावते. म्हणून रिम मोठी घेतल्यास टायरची कड आखूड हवी. टायरवरील भारक्षमतेचा आकडाही मूळ टायरपेक्षा कमी नसावा.

चाके बसविल्यावर गाडीत पाच माणसे बसवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून पाहावे. कोठेही घासता कामा नये. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत. स्टेपनीही त्याच मापाची असावी. दिवाळीत सामानसुमानासह बैतूलमार्गे नागपूरला निघालेल्या कुटुंबास वाटेत बारा इंची स्टेपनी लावावी लागली, तर एक चाक बुटके राहून गाडी एका अंगाला ओढू लागेल.

कायद्याचीही बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हीच भूमिका उचलून धरली. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी यांच्याकडे लेखी विचारणा करावी. अपघातानंतर हा प्रश्न निघाला, तर नुकसानभरपाई अडकून पडण्याचा संभव असतो.

यांपैकी एकही गोष्ट जुळत नसेल, तर बारा इंची रिमच ठेवून उत्तम टायर घालावेत. घेताना कडेवरील चार आकडे वाचावेत: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात पडून जुना झालेला टायर, नक्षी कोरी दिसली तरी, घेऊ नये.