वाचून दाखवले, समजले, मान्य आहे

चारसोबीस मेला. तारीख १ जुलै २०२४. त्या दिवशी इंग्रजाचा १८६० चा पिनल कोड गेला, भारतीय न्याय संहिता आली आणि ४२० चं ३१८ पोटकलम ४ झालं. शिक्षा तीच : सात वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. पण नाक्यावर अजून कोणी कोणाला ‘साला तीनशेअठरा’ म्हणत नाही. चारसोबीस कायद्यातून उठला आणि आपल्या तोंडात येऊन बसला. राज कपूरनं तर १९५५ सालीच त्याला ‘श्री’ लावून पडद्यावर नेला होता.

माझा सवाल साधा आहे. आपण चारसोबीस म्हणतो कोणाला? लोकलमध्ये बनावट अत्तर विकणाऱ्याला. उधारी बुडवून खोली बदलणाऱ्या आपल्याच वस्तीतल्या पोराला. म्हणजे ज्याचा खिसा आपल्याहून फाटका, त्याला. ज्यानं माझ्या आज्याची दोन एकर जमीन एका अंगठ्यावर घेतली, त्याला गावात कोणी चारसोबीस म्हणत नाही. त्याला ‘अण्णा’ म्हणतात. वेशीवर त्याच्या नावाची कमान आहे.

जमीन महार वतनाची. वतन म्हणजे काय, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. मयताचा सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी माणसापुढं धावायचं, आणि त्या बदल्यात तुकडाभर रान. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाचा कायदा बदलायला बिल आणलं. वतन खालसा करणारा कायदा यायला १९५८ उजाडलं. मग सरकारात पैसे भरून तीच जमीन ‘नवीन शर्ती’वर पुन्हा आमच्या नावावर झाली. शर्त अशी, की कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती कोणाला देता येणार नाही. कागदावर किती झ्याक! आमच्या बांधावर राखणीला साक्षात कलेक्टर!

मी लहानपणापासून एकच ऐकत आलो : म्हाताऱ्यानं जमीन दारूत घातली. गाव हेच सांगायचं. माझा बापही हेच सांगायचा. खोलीत पाणी शिरलं की आई हेच बोलायची. मीही त्या मेलेल्या माणसाला शिव्या दिल्या.

पन्नास वर्षांनी मी तहसिलात खेटे घातले आणि फेरफाराच्या कागदांबरोबर त्या व्यवहाराची नक्कल मिळवली. साल १९७२. दुष्काळाचं. आत्याला विचारलं. ती तेव्हा दहा वर्षांची, आज्याबरोबर अण्णाच्या ओट्याखाली उभी होती. ती म्हणाली, “दारू? आबानं उभ्या जन्मात थेंबाला शिवलं न्हाई. दोन पोती जोंधळं आन् तीनशे रुपयं दिलं. अण्णा म्हनला, एका सालाचा खंड लिवतो, पाऊस पडला की रान तुझं तुला.”

कागद खंडाचा नव्हताच. साठेखत होतं, ताब्यासकट. शेवटची ओळ अशी : वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला, तो मला मान्य आहे. खाली आज्याचा अंगठा. ‘मला वाचून दाखवला’ हे वाक्यसुद्धा त्याला कोणी वाचून दाखवलं नव्हतं!

आधी जमीन घेतली. मग पीकपाहणीत नाव लावलं. मग फेरफार पाडला. आणि शेवटी आज्याच्या तोंडाला दारूचा वास चिकटवला. जमीन गेली हे आम्हाला दिसत होतं. आजा गेला हे दिसलं नाही.

आता कायदा काय म्हणतो बघा. १८७२ च्या करार कायद्यात कलम १७ मध्ये एक घोडा आहे. घोडा नासका आहे हे विकणाऱ्याला ठाऊक आहे, पण तो गप्प आहे. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे. मात्र घेणारी त्याचीच नुकती वयात आलेली मुलगी असेल, तर सांगणं त्याचं कर्तव्य. म्हणजे घरात बोलायचं, बाजारात गप्प बसायचं. मग मी विचारतो, गावात आमचं नातं कुठलं? ढोर ओढायचं असलं की ‘तुम्ही गावची लेकरं’. कागद करायचा असला की बाजार. अण्णा तर गप्पही नव्हता, तो सरळ खोटं बोलला. गप्प होता तो लिहिणारा. गप्प होते दोन साक्षीदार. गप्प होता तलाठी. ही एवढी गप्पगार माणसं नसती, तर एकट्या लबाडाच्यानं आज्याचा अंगठा हलला नसता.

फौजदारी कायदा जरा बरा. बदमाशीनं लपवणं हीही फसवणूक, असं तो म्हणतो. पण ठाण्यात जाऊन बघा. हवालदार कागद उलटापालटा करतो आणि म्हणतो, ‘दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा.’ कोर्टात जायला निघालात की वकील म्हणतो, ‘मुदत गेली.’ १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात कलम १७ आहे. फसवणूक झाली असेल तर ती कळल्यापासून घड्याळ सुरू होतं. ऐकून बरं वाटलं ना? आता शेपूट ऐका : किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर जेव्हा कळली असती, तेव्हापासून. माझ्या आज्यानं दक्षता घ्यायला हवी होती! फेरफाराची नोटीस म्हणे चावडीवर लावली होती. ज्या चावडीच्या पायरीखाली हात जोडून उभं राहायचं, तिच्या भिंतीवर. ज्याच्या सात पिढ्यांना अक्षर दाखवलं नाही, त्याच्यासाठी अक्षरात.

आणि तो कलेक्टर? परवानगी कोणी मागितलीच नाही. पुढं नजराणा आणि दंड भरून असे व्यवहार ‘नियमित’ करून घ्यायच्या वाटा सरकारनंच काढल्या. चोरीचा माल पावती फाडून घरचा झाला.

कायद्याला शिव्या देऊन थांबू नका. आपली बोली तपासा. टोपी घातली, गंडा घातला, चुना लावला, शेंडी लावली, मामा बनवला. यातलं हसू कोणावर आहे? फसलेल्यावर. फसवणाऱ्याच्या हुशारीला दाद, फसलेल्याला ‘येडा’. कायदा विचारतो, दक्षता का नाही घेतली? नाका विचारतो, अक्कल कुठं गेली होती? दोघंही उलटतपासणी फसलेल्याचीच घेतात. म्हणून फसलेला माणूस तोंड लपवतो, आज्यासारखा मुकाट मरतो. फसवणुकीची खरी राखण वकील करत नाही, ही लाज करते.

आणि दोस्तहो, ‘आम्ही शिकलो, आमचा अंगठा गेला’ असं समजू नका. अंगठा परत आलाय. रेशनच्या मशीनवर आहे. मोबाइलवर कर्ज देणारं अॅप पानंच्या पानं इंग्रजी मजकूर टाकतं आणि खाली एक चौकोन : मला अटी मान्य आहेत. आपण बीए, एमए झालेले, न वाचता टिचकी मारतो. कंत्राटातल्या सफाई कामगाराची सही पूर्ण पगारावर, हातात पगार अर्धा, आणि एटीएम कार्ड मुकादमाच्या खिशात. सही खरी, कागद खरा, हिशेब खोटा. वाचून दाखवले, समजले, मान्य.

म्हणून मी फसवणुकीची माझी व्याख्या करतो. खोटं बोलणं ही तिची फार छोटी बाजू. दुसऱ्याला वाचता येणार नाही अशी आधी व्यवस्था करायची, त्याची चूल विझेपर्यंत थांबायचं, आणि मग त्याच्यापुढं कागद सरकवून म्हणायचं, ‘तुझ्या मर्जीनं अंगठा दे’, ही फसवणूक. जिथं नाही म्हणायची ताकद नाही, तिथल्या ‘मान्य आहे’ ला संमती म्हणणारा कायदा लबाडाचा साक्षीदार आहे.

ही व्याख्या थोडी का होईना, कायद्यात शिरली आहे. १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्यात दलित-आदिवासीची जमीन बळकावणं हा गुन्हा आहे. २०१५ च्या दुरुस्तीनं त्यात स्पष्ट लिहिलं, की जिवाची वा मारहाणीची भीती घालून मिळवलेली संमती आणि बनावट नोंदी करून घेतलेली जमीन हेही बळकावणंच. आज्याच्या वेळी हे कलम नव्हतं. तुमच्या वेळी आहे. पण कलम आपल्या पायानं चालत ठाण्यात जात नाही.

तेव्हा या सुट्टीत गावाला गेलात तर जत्रा बघून परत येऊ नका. आपल्या गटाचा सातबारा काढा. जुने फेरफार काढा. ‘म्हाताऱ्यानं इकली’, ‘म्हाताऱ्यानं दारूत घातली’ असं घरात कोणी म्हणालं तर तिथंच थांबवा आणि विचारा : कागद कुठंय? साल कुठलं? लिहिणारा कोण, साक्षीदार कोण? जमीन मिळेल न मिळेल. माझी अजून मिळालेली नाही. पण मी आज्याला परत आणलं. बापाला समोर बसवून नक्कल शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “परत वाच.”

त्यांच्या कागदाला आपलं उत्तर तिथून सुरू होतं. परत वाच. समजलं. मान्य नाही.