पुस्तकं आहेत, बसायचं कुठे?

परीक्षा तोंडावर आली की तुम्ही अभ्यासाला कुठे बसता? घरात टीव्ही सुरू, धाकट्याची शिकवणी तिथेच, पाहुणेही तिथेच. मग महिन्याचे पैसे भरून खासगी अभ्यासिकेत एक टेबल घ्यायचं. ज्यांना ते परवडत नाही, त्यांनी कॉलेजची लायब्ररी बंद होईपर्यंत बसायचं आणि नंतर देवळाचा ओटा गाठायचा. गंमत म्हणजे नगरसेवकाकडे आपण रस्ता मागतो, पाणी मागतो, ड्रेनेज मागतो. चालत जाता येईल अशी लायब्ररी मात्र मागत नाही.

ती मागायची वेळ आली आहे. आणि नुसती लायब्ररी नको, नीट विचार करून बांधलेली लायब्ररी मागायला हवी.

कुंभारीजवळच्या रे नगरचं उदाहरण घ्या. असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांचा हा प्रकल्प. त्यातल्या 15 हजार घरांचं लोकार्पण 19 जानेवारी 2024 रोजी झालं. विडी वळणाऱ्या बाईला हक्काचं घर मिळणं ही मोठीच गोष्ट. पण छोट्याशा घरात पाच माणसं राहत असतील, तर बारावीतल्या मुलीने वही कुठे उघडायची? अशा वसाहतीत लायब्ररी ही चैन नाही. घरात न मावलेली ती एक खोली आहे.

आपल्याकडे होतं काय, तर आधी समाजमंदिर बांधायचं आणि वरचा मजला उरला की तिथे वाचनालयाचा बोर्ड लावायचा. यात तीन घोटाळे आहेत.

पहिला, जिना. गुडघे दुखणारे आजोबा आणि व्हीलचेअरवरचा तुमचा वर्गमित्र, दोघेही खालीच राहतात.

दुसरा, वजन. पुस्तकं फार जड असतात राव! भारतीय मानकांनुसार राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरून आखतात, तर पुस्तकांच्या कपाटांची खोली किमान 600 किलो धरून. म्हणजे तिप्पट! त्यामुळे साध्या खोलीत कपाटांच्या रांगा लावायच्या आधी इंजिनिअरला विचारलेलं बरं.

तिसरा, ऊन. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि वरच्या स्लॅबखाली भट्टी होते. खरं तर उपाय महागडे नाहीत. मोठ्या खिडक्या उत्तरेला ठेवल्या की डोळ्यांवर न येणारा उजेड मिळतो. पश्चिमेला जिना आणि स्वच्छतागृह घेतलं की दुपारचं ऊन ते झेलतात, वाचकाला आणि पुस्तकांना त्याची झळ बसत नाही. जाड भिंती आणि माळवदाखाली उन्हाळे काढलेल्या आपल्या आज्यांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आता आत येऊ. अभ्यासिका म्हणजे लायब्ररी नव्हे. तिथे पुस्तक आपणच घेऊन जातो, मान खाली घालून बसतो आणि निघतो. वस्तीतल्या लायब्ररीत स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी शांत खोली हवी, पण पोरांना मोठ्याने वाचता येईल असा कोपराही हवा. दोन्हींच्या मध्ये दार हवं. पूर्व भागात मराठीसोबत तेलुगू, इतर वस्त्यांत कन्नड आणि उर्दू पुस्तकांना दर्शनी जागा हवी. रात्री नऊपर्यंत दिवा लागलेला रस्ता, पाणी आणि मुलींसाठी चालू स्थितीतलं स्वच्छतागृह नसेल, तर त्या संध्याकाळनंतर येणार नाहीत. मग ‘मुली वाचत नाहीत’ म्हणायला आपण मोकळे!

लायब्ररीत पुस्तकांपलीकडेही काही घडू शकतं, हे सोलापूरला ठाऊक आहे. हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या अ‍ॅम्फी थिएटरमध्ये तुम्ही कधीतरी कार्यक्रम ऐकला असेलच. तेच छोट्या मापात प्रत्येक भागात का नको? चार पायऱ्यांचा कट्टा, वर सावली, एवढं पुरे.

पैसा कुठून, हा प्रश्न रास्तच. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे आणि 1970 च्या नियमांत इमारत व साधनसामग्रीच्या अनुदानाचाही विचार आहे. केंद्राच्या बाजूने 1972 मध्ये स्थापन झालेलं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे. दारं आहेत, ती ठोठवायला हवीत. आणि इमारतीइतकंच ती उघडी ठेवणाऱ्या ग्रंथपालाला वेळेवर, पोटापुरता पगार मिळायला हवा. नाहीतर उद्‌घाटनाच्या फितीनंतर कुलूपच दिसणार.

तुम्ही काय करायचं? आर्किटेक्चर किंवा सिव्हिलला असाल, तर प्रोजेक्टसाठी आपल्याच वस्तीतली एखादी रिकामी जागा निवडा आणि तिथल्या दहा जणांना विचारून नकाशा काढा. बाकीच्यांनी आठवडाभर नुसती नोंद ठेवा: आपल्या गल्लीत किती जण, किती वाजता, कुठे बसून वाचतात. तो कागद आणि तो नकाशा एकत्र घेऊन महापालिकेत जा. मत मागायला येणाऱ्यांपुढेही तोच ठेवा आणि विचारा, ‘आमची बसायची जागा यात कुठे आहे?’